घरचे टोमॅटो बरणीत टिकवताना: आंबटपणा मोजा, वेळ लावा

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात गच्चीवर लावलेले टोमॅटो जानेवारीत एकदम पिकलेत, रोज टोपली भरून निघतायत, शेजारीपाजारी वाटूनही उरतात. ते बरण्यांत भरून फ्रिजबाहेर, निदान पावसाळ्यापर्यंत टिकवायचे आहेत. सल्ले तीन मिळालेत. सासूबाई म्हणतात, लोणच्यासारखा वर तेलाचा थर द्या. मैत्रीण म्हणते, उकळता रस भरा, झाकण लावा आणि बरणी उलटी ठेवा. एका व्हिडिओत भरलेल्या बरण्या कुकरमध्ये घालून दोन शिट्ट्या काढल्यात. यातलं कुठलं बरोबर, आणि नवख्याने सुरुवात कुठून करावी?

तिन्ही बाजूला ठेवा. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला आहे आणि प्रत्येक सल्ल्यात थोडं तथ्यही आहे, पण टोमॅटोसाठी तिन्ही अपुरे आहेत. मी करते आणि वर्गात शिकवते ती पद्धत अशी: बरणीत मोजून सायट्रिक ॲसिड, त्यावर कढत टोमॅटो, झाकण, आणि मग भरलेली बरणी उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून ठरलेला वेळ. काम अवघड नाही. फक्त आपल्या हाताला अंदाजाने घालायची सवय असते, ती या दोन ठिकाणी सोडावी लागते. आम्ल चमच्याने मोजायचं आणि वेळ घड्याळावर लावायचा. बाकी सगळ्यात तुमचा हात चालू द्या.

कारण सांगते, म्हणजे पुढे प्रत्येक वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.

मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जिवाणू असतो. तुमच्या कुंडीत असेल, माझ्याही असेल. एरवी त्याचा त्रास होत नाही, कारण वाढायला त्याला हवा नसलेली जागा लागते. अडचण ही की त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेली त्याची रूपं, साध्या उकळीने मरत नाहीत, शंभर अंशांवर तासन्‌तास तग धरतात. बरणी बंद झाली, आतली हवा गेली, की त्यांना हवी तशी जागा आयती मिळते. तिथे ते वाढले तर जे विष तयार होतं ते मज्जातंतूंवर काम करतं. एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही, पुढे श्वासही अडतो. हाच बोट्युलिझम. तो वारंवार होणारा आजार नाही, पण झाला तर जिवावर बेततो. आणि या विषाला वास नाही, चव नाही, बरणीतला पदार्थ दिसायला अगदी छान असू शकतो. ‘वास घेऊन बघते’ ही आपली नेहमीची परीक्षा इथे कामाची नाही.

या बीजाणूंना रोखायची घरात जमणारी खात्रीची गोष्ट म्हणजे आंबटपणा. सामू ४.६ किंवा त्याहून कमी असेल तर ते रुजतच नाहीत. (मातीपरीक्षणाच्या कागदावर असतो तोच हा सामू, आकडा जितका कमी तितकं आंबट.) लिंबाचा रस दोन-अडीचच्या आसपास असतो, त्यामुळे तिथे प्रश्नच येत नाही. टोमॅटो मात्र नेमका सीमेवर बसतो, साधारण ४.३ ते ४.९. जात कुठली, किती पिकला, हवा कशी होती, झाड निरोगी होतं का, यावर तो सीमेच्या अलीकडे की पलीकडे ते ठरतं. जिभेवर विसंबून चालत नाही. गोड लागणारा टोमॅटो कमी आंबटच असेल असं नाही, साखर जास्त असली की आंबटपणा झाकला जातो. उलट नुसता ‘छान आंबट’ लागणाराही सीमेपलीकडचा असू शकतो. म्हणून कुठलाही टोमॅटो असो, गावरान असो, रोमा असो की नर्सरीतून आणलेलं संकरित रोप असो, आम्ल घालायचंच.

आता सासूबाईंचं तेल. लोणच्यात ते चालतं, कारण तिथे कैरी किंवा लिंबू मुळातच आंबट, शिवाय मीठ भरपूर. सगळं टिकवायचं काम त्यांनी केलेलं असतं, तेल फक्त वरून हवा तोडतं आणि बुरशी थोपवतं. टोमॅटोच्या रसात ना तेवढं मीठ, ना खात्रीचा आंबटपणा. त्यावर तेल ओतणं म्हणजे त्या जिवाणूला बिनहवेची खोली बांधून देणं.

उलट्या बरणीचा सल्ला सगळ्यात जास्त फिरतो, कारण त्यात झाकण खरोखर घट्ट बसतं. कढत पदार्थ गार होताना आकसतो, आत निर्वात होतं, झाकण टक् करून आत ओढलं जातं, आणि पाहणाऱ्याला वाटतं काम झालं. झाकण बसलं याचा अर्थ एवढाच की बरणीत हवा शिरत नाही. आत काय जिवंत राहिलं ते झाकण सांगत नाही. भरताना बरणीच्या गळ्याशी, झाकणाच्या आतल्या बाजूला बुरशीचे आणि यीस्टचे कण बसलेले असतात, ते नुसत्या कढत रसाच्या वाफेने मरतीलच असं नाही. आणि इथे एक गोष्ट फार थोड्या जणांना माहीत असते: बुरशी पदार्थातलं आम्ल खाते. ती वाढली की तिच्या आसपासचा आंबटपणा कमी होतो, सामू ४.६ च्या वर सरकू शकतो, आणि आपण मोजून घातलेलं आम्ल तिथे निकामी होतं. ‘वरची बुरशी काढली, खालचं चांगलं आहे’ असं बरणीच्या बाबतीत कधीच म्हणायचं नाही, ते यासाठी. आम्लाने बोट्युलिनमला रोखायचं आणि उकळीने बुरशी, यीस्ट, बाकीचे जिवाणू मारायचे, अशी ही वाटणी आहे. यातलं एक केलं म्हणून दुसरं सोडता येत नाही.

कुकरबद्दल लोक वाद घालतात, कारण कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं हे खरं आहे. पण ते वाफेचं तापमान. बरणीच्या मधोमध, घट्ट गराच्या पोटात उष्णता किती वेळात पोहोचते हे दोन शिट्ट्यांवरून कळत नाही. परदेशात मिळणारा प्रेशर कॅनर हे वेगळंच भांडं असतं, मोठं, जड, हळू तापणारं आणि हळू निवणारं, आणि त्याच्या तक्त्यांत ते तापणं-निवणंही धरलेलं असतं. आपला पाच लिटरचा कुकर लवकर तापतो, लवकर निवतो, म्हणून ते तक्ते त्याला लावता येत नाहीत. त्यातून कुणी घाईने शिट्टी उचलून वाफ सोडली तर बरणीतला रस उसळून बाहेर येतो किंवा काच तडकते. टोमॅटोला आम्ल घातल्यावर कुकरची गरजही उरत नाही.

बरण्या आणि भांडी

नव्या काचेच्या बरण्या घ्या. जॅमच्या, मधाच्या जुन्या बरण्या गोळा करायचा मोह होतो. त्यांची काच पातळ किंवा ओरखड्यांनी कमजोर झालेली असू शकते आणि जुन्या झाकणाच्या आतलं रबरासारखं अस्तर दबून त्यावर खाच पडलेली असते, ते पुन्हा नीट बसत नाही. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळीत चौकशी करा. दुकानदाराला ‘लग कॅप’ची बरणी म्हटलं की कळतं: पाव वळण दिलं की बसणारं पत्र्याचं झाकण. विचारून घ्यायचं ते एवढंच, की हे झाकण उकळत्या पाण्यात पाऊण तास राहील का. काही झाकणं फक्त कोरड्या मालासाठी असतात, ती नकोत. झाकण दर वेळी नवं. बरणी मात्र चीर, टवका नसेल तर पुन्हा पुन्हा वापरा.

माप ४०० मिलीचं घ्या. उकळीच्या वेळेचे तपासलेले तक्ते अमेरिकेच्या कृषी खात्याने घरगुती कामासाठी केलेले आहेत, मी तेच वापरते, आणि त्यांतली मापं पिंट आणि क्वार्ट, म्हणजे ४७३ आणि ९४६ मिली. ४०० ची बरणी पिंटच्या आत बसते. ५०० ची घेतलीत तर ती पिंटच्या बाहेर जाते, मग तिला सरळ क्वार्टचा हिशेब लावा, आम्लही आणि वेळही. ९४६ च्या वरची, म्हणजे पूर्ण लिटरची बरणी या कामाला नको. चौघांच्या घरात एका वेळी ४०० पुरे होतं, शिवाय उघडलेली बरणी संपवायची घाई राहत नाही.

बरण्या उकळायला उभट पातेलं हवं. बरणीखाली जाळी, बरणीवर निदान एक इंच पाणी, आणि त्यावर उकळी उसळायला आणखी दोन इंच, एवढी उंची मोजून बघा. पंगतीच्या आमटीचं पातेलं किंवा मोठा गंज चालतो. जाळी नसेल तर तळाला जुन्या पंचाची जाड घडी घाला, पण बरणी तळाला थेट टेकवू नका, तडकते. हे पातेलं ॲल्युमिनियमचं असलं तरी हरकत नाही. टोमॅटो शिजवायचं भांडं मात्र स्टीलचंच. हिंडालियमच्या कढईत किंवा कल्हई उडालेल्या पितळेत टोमॅटो शिजवला तर आम्ल धातूला खातं, चव बिघडते आणि रंगही काळवंडतो.

आणि बरणी उचलायचा रबरी टोकांचा चिमटा विकत घ्याच. ऑनलाइन मिळतो. सांडशी काचेच्या गळ्यावरून सटकते. कढत बरणी पायावर पडण्यापेक्षा तो खर्च परवडला.

कुठले टोमॅटो घ्यायचे

लाल झालेले पण बोटाला अजून घट्ट लागणारे. करप्याने वाळलेल्या झाडावरचे घेऊ नका. झाड मेल्यावर त्यावर राहिलेल्या फळांचा आंबटपणा उतरलेला असतो. अळीने पोखरलेले, काळा डाग पडून आत बुरशी गेलेले, तडकून त्या तड्यात पांढुरकं काही दिसणारे, हेही नकोत. ‘खराब भाग कापून टाकते’ हे आजच्या भाजीला ठीक आहे, बरणीला नाही. असे टोमॅटो वेगळे काढा आणि त्याच दिवशी सार करून संपवा. फार पिकून लिबलिबीत झालेल्यांचंही तेच.

४०० च्या एका बरणीला साधारण ६०० ग्रॅम टोमॅटो लागतात. जास्त पाणचट असतील तर थोडे अधिक. पहिल्यांदा तीन-चार किलोच घ्या, पाच-सहा बरण्या होतील. पंधरा किलो एकदम काढून बसलात तर दुपारपर्यंत पाय दुखतील आणि शेवटच्या बरण्यांना मन लागणार नाही.

प्रत्यक्ष काम

नवख्याने ठेचलेल्या टोमॅटोपासून सुरुवात करावी. अख्खे टोमॅटो नुसते दाबून भरले, वर पाणी न घालता, तर त्यांना ८५ मिनिटांपासून पुढे उकळावं लागतं. नुसता रस करायचा तर गाळणं आलं. ठेचलेले मधले, आणि साराला, रश्शाला, पास्त्याला, सगळ्याला चालतात.

आधी मोठ्या पातेल्यात पाणी तापत ठेवा आणि धुतलेल्या बरण्या त्यातच बुडवून गरम ठेवा. कढत रस गार बरणीत गेला की काच गेलीच समजा. बोअरचं पाणी असेल तर त्यात चमचाभर व्हिनेगर टाका, नाहीतर बरण्यांवर क्षाराचा पांढरा थर बसतो.

टोमॅटोच्या बुडाला सुरीने फुलीसारखी चीर द्या. उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट. चिरेपाशी साल वळून सुटायला लागली की झाऱ्याने काढून गार पाण्यात. साल हाताने निघते. देठाकडचा पांढरा कडक भाग काढा, चार फोडी करा.

आता जी पायरी आहे ती नीट वाचा, बरणी दिसायला कशी होणार ते इथे ठरतं. सगळ्या फोडी एकदम भांड्यात टाकायच्या नाहीत. साधारण सहावा हिस्सा घ्या, मोठ्या आचेवर ठेवा आणि रवीने किंवा पावभाजीच्या मॅशरने ठेचत लगेच उकळी आणा. टोमॅटो कापला की त्यातली विकरं (एन्झाइम) मोकळी होतात आणि गराला घट्ट धरणारं पेक्टिन तोडू लागतात. पेक्टिन तुटलं की गर आणि पाणी एकमेकांपासून सुटतात. मग बरणीत वर लाल गर तरंगतो आणि खाली पिवळट पाण्याचा थर दिसतो. ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या वर ही विकरं लवकर निकामी होतात, म्हणून घाई. पहिली खेप खदखदू लागली की बाकीच्या फोडी थोड्या थोड्या घालत जा, उकळी मोडू न देता. या फोडी ठेचायची गरज नाही, आपोआप मऊ होतात. सगळं भांड्यात गेल्यावर पाच मिनिटं मंद उकळू द्या. इतकं करूनही थोडं पाणी वेगळं दिसलंच तर बरणी खराब झाली असं समजू नका, हलवली की एकजीव होतं.

बी नको असेल तर शिजलेले टोमॅटो पुरणयंत्रातून काढा. पुरणयंत्राला वर्षातून दोनदाच बाहेर काढणाऱ्यांनी हे करून बघावं, इतका सुरेख गर मिक्सरमधून निघत नाही. मिक्सर बी फोडतो आणि रसात हवा मिसळतो. काढलेला गर पुन्हा उकळीला आणूनच भरायचा.

गरम बरणी बाहेर काढा, पाणी ओता. आत आधी सायट्रिक ॲसिड: ४०० च्या बरणीला पाव टीस्पून, मोजायच्या चमच्याने, सपाट करून. क्वार्टच्या हिशेबातल्या बरणीला अर्धा टीस्पून. हेच ते लिंबूसत्व, ढोकळ्याला आणतो ते, किराणा दुकानात मिळतं. पुडीवर नाव नीट वाचा. टार्टारिक ॲसिड, तुरटी, ‘लिंबाच्या चवीची पावडर’ यांतलं काहीही त्याच्या जागी चालत नाही. ताजं लिंबू पिळू का, असं वर्गात हमखास विचारतात. नको. तक्त्यात बाटलीबंद लिंबाचा रस आहे (पिंटला एक टेबलस्पून), कारण तिथे त्या रसाची आम्लता ठरलेली असते. आपल्या दारचं लिंबू आज एक, उद्या दुसरं. व्हिनेगरचंही तसंच, बाजारातलं प्रत्येक व्हिनेगर सारख्या तीव्रतेचं नसतं. लिंबूसत्व स्वस्त आहे, मोजायला सोपं आहे आणि चवीत फारसं पुढे येत नाही. प्रत्येक बरणीत वेगळं घाला. भांड्यात एकदम घातलं तर कुठल्या बरणीत किती गेलं ते सांगता येत नाही.

मीठ हवं तर पाव-अर्धा चमचा. ते चवीपुरतं आहे, नाही घातलं तरी टिकण्यात फरक पडत नाही.

आता कढत टोमॅटो भरा आणि वर अर्धा इंच जागा मोकळी सोडा. कमी सोडली तर उकळताना गर झाकणाखालून बाहेर येतो. फार सोडली तर आत हवा उरते आणि वरचा थर तपकिरी पडतो. आइस्क्रीमच्या काडीने कडेकडेने फिरवून अडकलेले बुडबुडे मोकळे करा. पातळी खाली गेली तर पुन्हा भरा. मग स्वच्छ ओल्या फडक्याने बरणीची कड पुसा, आणि पुसल्यावर बोटाने फिरवून बघा. टोमॅटोची एक बी, एक दोरा जरी तिथे राहिला तरी झाकण तिथून हवा घेतं. बिघडलेल्या बरण्यांपैकी बऱ्याच या पुसण्यातल्या घाईने बिघडतात. झाकण बोटांच्या जोरावर बसवा, मनगट लावून आवळू नका. उकळताना आतली हवा बाहेर जायला वाट हवी.

बरण्या पाण्यात उभ्या ठेवा, झाकणांवर एक-दोन इंच पाणी येऊ द्या, पातेल्यावर झाकण ठेवा. पाणी पुन्हा खळखळून उकळायला लागेल तिथून वेळ मोजायचा, बरण्या आत ठेवल्यापासून नाही. मध्ये उकळी बसली तर आच वाढवा, उकळी आणा आणि वेळ पहिल्यापासून मोजा. पाणी कमी झालं तर उकळतंच घाला, म्हणून शेजारी एक किटली तयार असू द्या.

वेळ किती, हे तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं, साधारण तीनशे मीटरला एक अंश. पुणे ५६० मीटरच्या आसपास, म्हणजे तुमच्या घरी उकळतं पाणी ९८ अंशांवरच थांबतं. आच कितीही मोठी केली तरी त्यावर जात नाही. ती कसर वेळाने भरून काढायची. मुंबई, कोकण, गोवा किनारपट्टी, जिथे उंची ३०० मीटरच्या आत आहे, तिथे पिंटच्या आतल्या बरणीला ३५ मिनिटं आणि क्वार्टच्या हिशेबातल्या बरणीला ४५. पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, सोलापूर, संभाजीनगर ही सगळी ३०० ते ९०० मीटरच्या पट्ट्यात येतात, तिथे ४० आणि ५०. महाबळेश्वर, पाचगणीला ४५ आणि ५५. बेंगळुरूला असणाऱ्यांनीही वरचाच, म्हणजे ४५-५५ चा हिशेब धरावा, शहर ९०० च्या जरा वर आहे. नागपूरची उंची तीनशेच्या काठावर आहे, त्यामुळे तिथेही पुण्याचाच वेळ लावा. हे आकडे ठेचलेल्या, उकळून कढत भरलेल्या टोमॅटोचे आहेत, दुसऱ्या प्रकाराला जसेच्या तसे लावू नका.

वेळ झाली की गॅस बंद, पातेल्याचं झाकण काढा, पाच मिनिटं थांबा. मग बरण्या सरळ उभ्या उचलून जाड टॉवेलवर, एकमेकींपासून बोट-दोन बोटं अंतर ठेवून. पंख्याखाली नको, ओट्याच्या गार दगडावर नको. बारा तास हात लावू नका. झाकण पुन्हा आवळूही नका, आवळताना बसत आलेलं अस्तर सरकतं. गार होताना एकेक झाकण टक् करतं. सकाळी प्रत्येक झाकणाच्या मधोमध बोट दाबा. आत ओढलेलं आणि न हलणारं असेल तर बसलं. दबून वर येत असेल तर ती बरणी फ्रिजमध्ये टाका आणि चार-पाच दिवसांत संपवा. चोवीस तासांच्या आत नवं झाकण लावून पुन्हा पूर्ण वेळ उकळताही येते, पण एकाच बरणीसाठी गॅस जाळण्यात अर्थ नाही असं माझं मत आहे.

काय घालू नये

कांदा, लसूण, आलं, मिरची, कोथिंबीर यांतलं काही नाही. या सगळ्यांचा आंबटपणा टोमॅटोपेक्षा कमी, ते घातले की मोजलेल्या आम्लाचा हिशेब कोलमडतो. तेल-तूप नाही. मैदा किंवा कॉर्नफ्लोअर घालून घट्ट करायचं नाही, कारण घट्ट पदार्थात उष्णता मधोमध पोहोचायला जास्त वेळ लागतो आणि वरचे सगळे आकडे पातळ पदार्थाचे आहेत. रोजच्या ग्रेव्हीचं तयार वाटणच बरणीत भरून ठेवावं ही कल्पना छान वाटते, पण ती फ्रीझरसाठी ठेवा. बरणीत नुसता टोमॅटो; फोडणी उघडल्यावर. तसंही लसणाची फोडणी ताजी चांगली.

ठेवणं आणि वापरणं

बरण्या बाहेरून धुऊन, पुसून, झाकणावर तारीख लिहून अंधाऱ्या कपाटात खालच्या फळीवर ठेवा. गॅसच्या वरच्या कपाटात किंवा फ्रिजच्या डोक्यावर नको. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तिथे फार तापतं, रंग आणि चव दोन्ही लवकर उतरतात. वर्षाच्या आत संपवा. माझा आग्रह असा की जुलै-ऑगस्टमध्येच काढाव्यात, तेव्हा बाजारात येणारे टोमॅटो पाणचट असतात आणि भावही बेभरवशाचे. जुलै २०२३ मध्ये किरकोळ बाजारात किलोला शंभराच्या पुढे, काही ठिकाणी दोनशेवर गेलेला भाव आठवत असेल. पण पैसे वाचतील म्हणून हे करू नका. बरणी, झाकण, तासभर गॅस धरला तर आवक वाढलेल्या दिवसांत नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात जो भाव उतरतो त्यापुढे हा हिशेब टिकत नाही. आपण वाढवलेल्या झाडाची चव पावसाळ्यात ताटात यावी, यासाठी करायचं.

उघडताना दर वेळी बघा. झाकण फुगलेलं, उघडताच रस उसळला, फेस, बुरशी, न समजणारा वास, यांतलं काहीही दिसलं तर चाखू नका. कडेने थोडं घेऊन बघणंसुद्धा नको. बंद पिशवीत बांधून टाका, दारच्या कुत्र्या-मांजराला घालू नका. आणि नियमाने केलेली, छान दिसणारी बरणीसुद्धा मी सुरुवातीच्या मंडळींना दहा मिनिटं उकळूनच वापरायला सांगते. बोट्युलिनमचे बीजाणू उकळीला दाद देत नसले तरी त्याचं विष देतं. सार करताना तेवढं उकळणं होतंच.

सार करताना एक करा: घरच्या नेहमीच्या अंदाजाने आमसूल किंवा चिंच घालू नका, बरणीत लिंबूसत्व आहे. उकळून झाल्यावर आधी चाखा, मग गूळ थोडा वाढवा आणि नारळाच्या दुधाचं प्रमाण जरा सैल सोडा.

फेब्रुवारीअखेर झाडं उपटताना जे हिरवे टोमॅटो उरतील तेही याच पद्धतीने बरणीत जातात. ते पिकलेल्यांपेक्षा जास्त आंबट असतात, तरी लिंबूसत्व आणि वेळ तेच ठेवा. फक्त निरोगी झाडावरचे घ्या आणि बरणीवर ‘हिरवे’ असं लिहा. दाण्याचं कूट घालून त्यांची भाजी भाकरीबरोबर फार छान लागते.